मोडीतल्या भांड्यांवरची नावं

आमच्या घरी जेवायला बसलं की प्रत्येकाच्या ताटावर दुसऱ्याच कोणाचं तरी नाव असायचं. माझ्या पितळीवर 'सौ. गंगूबाई तुकाराम हिस आत्याकडून' असं टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं, मायची पितळी कुण्या बबनच्या बारशाची होती, आणि बा सकाळी ज्या गडव्यानं तोंड धुवायचा तो एका भजनी मंडळाला कोणा भाविकानं अर्पण केलेला होता. आम्ही काही चोर नव्हतो. कारंजाच्या बाजारात बाचं मोडीचं दुकान होतं. लोक तांब्यापितळेची जुनी भांडी आणून द्यायचे, बा ती तोलून घ्यायचा आणि बदल्यात चकचकीत स्टील द्यायचा. दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो, म्हणून मोडीतलं बरं दिसणारं भांडं आधी मायच्या चुलीपाशी दोन दिवस पाहुणं राहायचं आणि मग पोत्यात जायचं. गंगूबाईची पितळी तेवढी मी जाऊ दिली नाही. तिच्यात तुरीच्या सोल्यांची भाजी आणि ज्वारीची भाकर कुस्करून खाताना मला वाटायचं, ही बाई कुठं असेल, आणि तिची आत्या स्वभावानं कशी होती.

तेव्हा भांडं घेतलं की त्यावर नाव घातल्याशिवाय कोणी घरी नेत नसे. पंगतीत भांडी एकमेकांत मिसळायची, म्हणून ही रीत. लग्नाच्या आहेरात तर कोणाला दिलं, कोणाकडून दिलं, हे सगळं भांड्याच्या काठावर लिहून मोकळं व्हायचं, म्हणजे पुढं पन्नास वर्षं भांडणाला जागा नाही. आमच्या दुकानाच्या पायरीवर नत्थूकाका नावाचे कारागीर बारीक छिन्नी आणि हातोडी घेऊन बसत. त्यांचं टक-टक-टक आणि आतून बानं तराजूत टाकलेल्या भांड्यांचा खण्ण आवाज, यांतच मी अभ्यास केला. शांतता असली की माझं गणित चुकायचं. बाला भांड्यावर बोटाचं टोक मारून आवाजावरून धातू कळायचा. काशाचा आवाज आला की तो डोळे मिटून घ्यायचा. नाव मात्र तो कधी वाचत नसे. मी एखादं वाचून दाखवलं तर म्हणायचा, "नावाले वजन नसते, पोरी."

परवा माझ्या नातीनं पुण्याहून मोबाइलवर फोटो पाठवला. तिनं एका सजवलेल्या दुकानातून जुनं तांब्याचं घंगाळ आणलंय आणि त्यात पाणी भरून झेंडूची फुलं तरंगत ठेवली आहेत. खाली लिहिलं होतं, 'आजी, तुझ्या काळातलं.' किंमत ऐकून मला उचकी लागली. काठाचा फोटो मोठा करून पाहिला तर पुसटसं 'श्रीमती' एवढंच वाचता आलं. पुढचं कोणीतरी मशीनवर घासून काढलं होतं, गुळगुळीत दिसावं म्हणून. नातीला मी कळवलं की त्यात आम्ही पाय धुवायचो. तिनं हसरे चेहरे पाठवले. खरी गंमत तर घासून काढलेल्या त्या नावात होती, पण हे तिला फोनवर कसं सांगू? म्हणून हे लिहायला बसले.

सुरुवात अशी झाली की, मी नववीत असताना अनसिंगकडची एक बाई स्टीलची बादली घ्यायला आली. बादली पसंत करता करता ती कोपऱ्यातल्या ढिगाकडे बघत राहिली. मग तिनं वाकून पाणी भरायचा एक पितळी गुंड ओढून काढला आणि त्याच्या पोटाला आलेल्या पोच्यावर हात फिरवला. "वाच बरं पोट्टे, काय लिवलं हाय?" मी वाचलं, 'सौ. सखूबाई लक्ष्मण.' ती बाई मटकन खाली बसली आणि हसायलाच लागली. "माही माय वं! हा पोचा मीच पाडला होता, विहिरीवर! मायनं मले त्याच गुंडानं हाणलं होतं!" तिच्या भावानं मोडीत घातला होता. बादली राहिली बाजूला. तिनं तो गुंड विकत घेतला, कमरेवर घेतला, आणि एस. टी. स्टँडाकडे अशी निघाली की जणू त्यात पाणी भरलेलं आहे आणि सांडू द्यायचं नाही.

माझं डोकंच फिरलं. एवढ्या खुशीत आमच्या दुकानातून आजवर कोणी काही नेलं नव्हतं. स्टील नेणाऱ्या बाया निदान दहा वेळा मागं वळून आपल्या पितळेकडे पाहत जायच्या. मी बाच्या मागं लागले की नावाची भांडी मला दे, मी ज्याची त्याला विकते. बा म्हणाला, "भट्टीचा टेम्पो आठवड्यातून एकदा येते. तोवर खपलं तं तुहं, नाई खपलं तं पोत्यात." एवढं पुरे होतं. बाजाराच्या दिवशी दुपारची शाळा सुटली की मी दुकानासमोर एक घंगाळ पालथं घालायची, त्यावर चढायची आणि चिंच-राखेनं घासलेलं एकेक भांडं उंच धरून त्यावरचं नाव ओरडायची. "पार्वती नामदेव, जऊळकावाली! लेकीच्या बाळंतपणाचा डबा! हाय का कोणी?" पहिल्या दिवशी मायनं पदरात तोंड लपवलं. तिसऱ्या बाजारी तीच मला मागून सांगत होती, "जरा उजव्या अंगाले ओरड, तिकडून अनसिंगची बस येते."

काय लोक यायचे! एक गृहस्थ वडलांच्या नावाचा अडकित्ता पाहून ढसाढसा रडले आणि रडता रडता भाव पाडत राहिले. एका डोळ्याला उपरणं लावलेलं, दुसरा डोळा काट्यावर. एका बाईनं सासूच्या नावाचा खलबत्ता घेतला. मी म्हटलं, आठवण म्हणून का? ती म्हणाली, "व्हय तं. रोज कुटाले बरा." दोन सख्ख्या बहिणी आपल्या मायच्या परातीसाठी भर बाजारात भांडल्या आणि शेवटी तिसरीनंच येऊन ती घेतली. मी घंगाळावर उभी राहून हे सगळं बघायची आणि माझ्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. शाळेत मला सातवा नंबर, गाणं येत नाही, रंग सावळा. पण नाव ओरडलं की गर्दीतून एखादा चेहरा दिव्यासारखा लागायचा, तो मी लावलेला असायचा. मी चढून गेले होते. खरंच सांगते, फार चढून गेले होते.

अशात एका दिवशी एक तरुण बाई घाईघाईनं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली परात देऊन गेली आणि स्टीलचा डिनर सेट घेऊन गेली. परात कड्यांची, जड, आणि एकदम नवी. चुलीचा काळा डाग नाही, ओरखडा नाही, कणकेचा एक कण कुठं चिकटलेला नाही. जुनी पण न वापरलेली अशी वस्तू आमच्याकडे कधी येत नसे. काठावर सुरेख अक्षरांत होतं, 'सौ. मंदाकिनी मधुकर हिस मामाकडून सप्रेम भेट.' मी नत्थूकाकांना विचारलं. त्यांनी अक्षर ओळखलं, आपलंच होतं, पण माणूस काही आठवेना. मला तर हर्ष झाला. एवढी कोरी परात हरवलेली मंदाकिनी भेटली की कशी नाचेल!

बाजार भरात होता. मी घंगाळावर चढले. "मंदाकिनी मधुकर! मामाकडून! हाय का कोणी?" कोणी नाही. पुन्हा ओरडले. कोणी नाही. लोक थांबून बघायला लागले आणि मला चेव आला. परात डफासारखी वाजवत मी म्हटलं, "ओ मधुकरराव! तुमची बायको आमच्या दुकानात पडून हाय! घेऊन जा, नाई तं उद्या टेम्पोत घालतो आमी!" जो हशा पिकला, तो आजही कानात आहे. आणि त्याच वेळी समोरच्या भाजीच्या ओळीतल्या म्हाताऱ्या बाया एकदम गप्प झालेल्या मला दिसल्या. त्यांच्यातली शेवंतामाय, आम्हाला रोजची भाजी देणारी, वांग्यांच्या ढिगावरून उठली, माझा हात धरला आणि मला खाली ओढलं. "काहून बोंबलून राह्यली वं? ते तुह्या शाळेतली सुमनबाई होय! बारा वर्सं झाले, चार दिवसांवर लगन अन् मोडलं. लग्नाची भाजी माह्याकडंच सांगून ठेवली होती, सारी वांगी वापस आली. तिकडच्यांनी तिचं नाव मंदाकिनी ठेवलं होतं."

मी वळून पाहिलं. कोथिंबिरीच्या टोपलीपाशी सुमनबाई उभ्या होत्या. पांढरी सुती साडी, हातात कापडी पिशवी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि भाजी न घेताच निघून गेल्या.

सुमनबाई म्हणजे आमच्या शाळेचा कणा. मराठी शिकवायच्या, आणि सकाळी घरी मोठ्या माणसांनाही अक्षरं शिकवायच्या. बाला सही त्यांनीच शिकवली होती. त्यांचं लग्न का मोडलं याबद्दल गावात जुनी कुजबुज होती, नवऱ्या मुलाकडच्यांना पोरीत काही खोट सापडली म्हणे. बारा वर्षांत ती कुजबुज कशीबशी विझली होती आणि मी तिच्यावर फुंकर घालून मोकळी झाले होते. मला भूक लागेना. मायनं दिवेलागणीला कढीगोळे केले होते, ते तसेच ताटात ठेवून मी उठले. ती परात नजरेसमोर नको म्हणून मीच ती एका पोत्याच्या तळाशी कोंबली आणि वर दहा तांबे टाकले.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले तर फळ्यावर कोणीतरी मोठ्या अक्षरांत 'मंदाकिनी' लिहून ठेवलेलं. मागच्या बाकांवर खिदळणं चाललेलं. मी पुसायला उठणार तोच बाई आत आल्या. त्यांनी फळा वाचला. बाई वळल्या आणि म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे, अनुस्वार-वेलांटी ठीक आहे. पुसा आता." आणि कविता शिकवली, नेहमीसारखी. पण एकच कडवं त्यांनी दोनदा वाचलं. तास संपल्यावर त्यांनी मला दारात थांबवलं. मला वाटलं, आता शाळेतून नाव कमी. त्या एवढंच म्हणाल्या, "नलू, ती परात आहे का अजून?" मी म्हटलं, आहे. "संध्याकाळी घरी घेऊन ये."

मी पळत घरी आले आणि दुकानासमोरच्या रिकाम्या जागेकडे बघतच राहिले. टेम्पो येऊन गेला होता. पोती गेली होती. बा ओट्यावर भाकर खात बसला होता. मी रडत रडत सगळं सांगितलं, परात मीच कोंबली हेसुद्धा. वाटलं, एक ठेवून देईल. बानं हातातली भाकर तशीच ठेवली, सायकल काढली आणि म्हणाला, "बस." माझा बा सायकल जोरात चालवताना मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. धोतराचा सोगा चेनमध्ये गेला, फाटला, पण बा थांबला नाही. मी मागं बसून 'बा हळू, बा हळू' म्हणत होते आणि मनात 'बा जोरात'. टेम्पोवाल्याची एक सवय आमच्या नशिबानं पक्की होती. गावाबाहेरच्या हॉटेलात दोन कचोऱ्या, एक चहा, आणि मग लिंबाखाली झोप. तो टेम्पोतच पोत्यावर डोकं ठेवून घोरत होता. बा आणि मी पोती सोडायला लागलो. भर रस्त्यावर तांबे, पितळ्या, समया घरंगळल्या. एक समई गटारीत गेली. हॉटेलातले लोक बाहेर येऊन विचारायला लागले, "काय हरवलं जी? सोनं का?" बा म्हणाला, "परात!" लोकांना वाटलं, माणूस बिघडला. सगळी पोती झाली, परात नाही. तेवढ्यात टेम्पोवाल्यानं कूस बदलली आणि त्याच्या डोक्याखालच्या पोत्यात खण्ण वाजलं. बानं बोट वर केलं. "तेच हाय." आम्ही हळूच त्याचं डोकं उचललं, पोतं काढलं, त्याजागी बाचा फेटा ठेवला. तो घोरायचा थांबलासुद्धा नाही. तिथं रस्त्याच्या कडेला परात मांडीवर घेऊन मी आणि बा इतके हसलो की पोट दुखायला लागलं. बाला असं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

बाईंच्या घरी दार त्यांच्या भावजयीनं उघडलं. परात विकून डिनर सेट नेणारी ती हीच. मला पाहताच ती जी आत गेली ती बाहेर आलीच नाही. बाईंनी परात घेतली, खिडकीपाशी नेली आणि काठ वाचला. मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "थांब, आधी ऐक." आणि मग, पहिल्यांदाच, बाई माझ्याशी शाळेची भाषा सोडून बोलल्या. "भांडी घरी आली. मामानं हौसेनं ही परात पहिली सोडली. मी वाचलं अन् म्हटलं, मामा, हे मंदाकिनी कोण? मामा म्हणते, तूच ना वं, तिकडून नाव आलं. मी म्हटलं, मंग मंदाकिनीचंच लगन लावा, सुमन कायले येईन? सारे हसले. मलेबी वाटलं, मी हसूनच म्हणून राह्यली. पण जवा जवा ते परात पाहो, तवा तवा माह्या तोंडून नाईच निघे. चार दिवस नाई म्हणली, अन् पाचव्या दिवशी मांडव निघाला." मी विचारलं, "म्हणजे तुमी मोडलं?" "मीच. पण पोरीनं मोडलं म्हणून सांगतलं असतं तं धाकट्या बहिणीले कोण करून घेतलं असतं? म्हणून घरच्यांनी तिकडच्यांचं नाव सांगतलं, अन् मी मुकाट राह्यली." धाकटी बहीण केव्हाच संसाराला लागली होती, तिला दोन मुलं होती. बाईंनी परातीवर एक टिचकी मारली. मोठा गोड आवाज आला. "पुढचा बाजार कवा हाय?"

पुढच्या बाजारी सुमनबाई परात काखेत धरून आमच्या पायरीवर आल्या आणि नत्थूकाकांपुढे बसल्या. जुनं नाव खोडायचं नाही, म्हणाल्या, त्याच्याखाली नवं घालायचं. काकांनी छिन्नी उचलली. "सांगा." बाईंनी सांगितलं. काकांची हातोडी हवेतच राहिली. "कोणाकडून म्हणता? असं कोणी घालते काय बाई?" "तुमी घाला." टक-टक-टक सुरू झालं आणि आजूबाजूला माणसं जमायला लागली. बातमी पोचलेलीच होती. काम झाल्यावर बाईंनी परात माझ्या हातात दिली आणि पालथ्या घंगाळाकडे बोट दाखवलं. "चढ." मी म्हटलं, बाई, नको. "चढ म्हणते ना. अन् त्या दिवशीसारखं खणखणीत वाच."

मी चढले. गेल्या वेळी हसलेली सगळी तोंडं समोर होती, शेवंतामायही होती. मी वाचलं, "सुमन रामराव हिस, स्वतःकडून सप्रेम भेट!"

"हजर!" बाई म्हणाल्या. वर्गात आम्ही म्हणायचो तसंच, हात वर करून.

कोणीच हसलं नाही. मग मागून एका म्हातारीनं विचारलं, "मंग ते मंदाकिनी कोण होय वं बाई?" बाई गर्दीकडे वळल्या. "तिकडच्यांनी धाडलेलं नाव होतं माय. मी घेतलं नाई. लगन त्याईनं नाई मोडलं. म्या मोडलं." बारा वर्षं कुजबुजत आलेली गोष्ट भर बाजारात, भाजीच्या भावासारखी मोठ्यानं सांगून टाकली. पुढं काय होईल ते मला कळेना. बाईंनाही कळत नसावं, कारण त्यांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. तेवढ्यात शेवंतामाय उठली. ओटीत वांगी भरली, आली, आणि माझ्या हातातल्या परातीत धबाधबा ओतली. "बारा वर्सांपूर्वीची वापस आली होती. हे घे माहा आहेर!" म्हणाली.

मग काय विचारता! मिरच्यावालीनं मूठभर मिरच्या टाकल्या, कोथिंबीरवालीनं दोन जुड्या, कोणी लसूण, कोणी भोपळा, फुटाणेवाल्यानं पुडी. जी ती बाई येते आणि 'आहेर', 'आहेर' म्हणत परातीत काहीतरी टाकून जाते. घंगाळावर उभ्या उभ्या माझे हात दुखायला लागले. परात इतकी जड झाली की एक कडी बाईंनी धरली, एक मी, आणि आम्ही दोघी त्यांच्या घराकडे निघालो. भोपळा इकडून तिकडे गडगडत होता. मी म्हटलं, "बाई, माफ करा, मी लई ओरडली त्या दिवशी." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू काही थांबत नव्हतं. "माफी कायची मागते? म्या बारा वर्सं ओरडाले पाहिजे होतं," त्या म्हणाल्या, "अन् कडी नीट धर, परात माही हाय."